अंता म्हणे

माणूस गेला की त्याचे कपडे लोक वाटून घेतात. किस्से मात्र कुणी घेऊन जात नाही, उलट आणून टाकतात. माझा मोठा भाऊ अनंत, घरात आणि डोंगरावरच्या अख्ख्या वस्तीत अंता, जाऊन अजून वर्ष व्हायचंय. पण घाटकोपरच्या आमच्या खोलीत रोज कुणी ना कुणी येतं. आयेच्या हातचा चहा पितं, "अंताचा एक किस्सा सांगू?" म्हणतं, सांगतं, हसतं, डोळे पुसतं आणि जातं. किस्सा आमच्याकडेच राहतो. आता तर पाय पसरायला जागा उरली नाही असं वाटतं.

मी सातवीत शाळा सोडली. मी वेल्डिंग करतो, लिहिणं माझं काम नाही. पण तुम्ही सगळे एकेक तुकडा सांगून जाता आणि अख्खं प्रकरण फक्त मला माहीत आहे. म्हणून एकदा ओळीने सांगून टाकतो. म्हणजे परत कुणी यायला नको.

*

सुरुवात मुलुंडच्या वकीलबाईंपासून. संपात पोलिसांनी आत टाकलेल्या कामगारांच्या केसेस त्या फुकट लढवायच्या. दादा स्वतः गिरणीतला. संप झाला, गिरणीने त्याला परत घेतलं नाही, तेव्हापासून तो दिवसभर त्यांची कामं करत फिरायचा आणि संध्याकाळी आमच्या चाळीच्या भजन मंडळात गायचा.

एक दिवस बाई डोंगर चढून मंडळात आल्या. घाम पुसत म्हणाल्या, "परदेशात मोठमोठे गायक एकत्र येऊन रेकॉर्ड काढतात. विक्रीचे पैसे तुरुंगातल्या माणसांच्या घरच्यांना देतात. आपण कॅसेट काढू या. अंता गाईल."

आमचे नारूबुवा पेटी वाजवत होते. पन्नास वर्षं भजनात घालवलेला माणूस. पेटीचा भाता बंद न करताच त्यांनी विचारलं, "म्हणजे गाणं ऐकायला लोकांनी पैसे द्यायचे?"

"हो."

"आम्ही चहा मिळाला तरी पहाटेपर्यंत ऐकवतो!"

"बुवा, हे मानवी हक्कांसाठी आहे," बाई म्हणाल्या. "माणूस म्हणून जन्माला आलं की जे आपोआप मिळतात, ते हक्क."

बुवांनी भाता बंद केला. "आपोआप मिळतात ना? मग वकील कशाला लागतो?"

बाई हसल्या. दादा म्हणाला, "बुवा, पहिलं गाणं तुम्हीच सांगितलंत!"

*

रेकॉर्डिंग मरोळला, लॉरेन्सकडे. लॉरेन्स म्हणजे लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा तो. इंडस्ट्रियल इस्टेटच्या एका गाळ्यात त्याने गाद्या भिंतीला खिळून स्टुडिओ केला होता. डोक्यावरून सांताक्रूझची विमानं जायची. विमान आलं की लॉरेन्स हात वर करायचा, दादाने तोंड उघडं ठेवून थांबायचं, विमान गेलं की तिथूनच पुढे!

विमानाचं जमलं. पण शेजारच्या गाळ्यात पत्रा कापायचा प्रेस होता. धाड... धाड... धाड... दिवसभर. आवाज गाद्यांतूनसुद्धा यायचा. लॉरेन्स डोकं धरून बसला. "वाट लागली यार! ये रेकॉर्डिंग है के कारखाना?"

बुवा डोळे मिटून ऐकत होते. एकदम म्हणाले, "सरळ लयीत आहे रे. मशीन ठेका सोडत नाही. अंता, ह्याच्यावर घे!"

आणि घेतलं की! प्रेसच्या ठेक्यावर दादाने असं गाणं उचललं की माझ्या अंगावर काटा आला. दुसरं कडवं रंगात आलं आणि ठेका बंद! बघतो तर शेजारचे सगळे कामगार मशीन सोडून आमच्या दारात उभे, गाणं ऐकत.

बुवा पेटीवरूनच ओरडले, "अरे, थांबलात काय? चालवा मशीन! गाणं पडलं माझं!"

तेवढ्यात मागून त्यांचा शेठ धावत आला. बंद मशीन बघितलं, दारातली गर्दी बघितली, भजनी टोप्या बघितल्या आणि कपाळावर हात मारला. "इथे पण आला काय तुमचा संप!"

कॅसेटमध्ये ते गाणं तसंच आहे. मधे धाडधाड बंद होते आणि दादा एकटाच गातो.

*

आता ज्या किश्श्यावर सगळे पोट धरून हसतात तो. मीही हसलो होतो. आता कुणी सांगायला लागलं की मी उठून बाहेर जातो.

वकीलबाईंनी बजावलं होतं, कॅसेटवर कुणाचंही नाव नको. गायक नाही, वादक नाही, स्टुडिओ नाही. कव्हर कोरं. "तुम्ही सगळे सापडलात तर तुम्हाला सोडवायला परत एक कॅसेट काढावी लागेल," त्या म्हणाल्या होत्या. बुवा रुसले होते, तरी मान्य केलं.

शेवटचं गाणं दादाने स्वतः रचलेलं. कोठडीतल्या माणसाची आई दाराशी बसली आहे, असं. आमच्या भजनाची रीत अशी की रचणाऱ्याने शेवटच्या ओळीत आपलं नाव घालायचं. लहानपणापासून दादाच्या तोंडात तेच बसलेलं. शेवटची ओळ आली आणि हा डोळे मिटून गायला, "अंता म्हणे, दार उघड..."

लॉरेन्सने मशीन बंद केलं. "कट! नाव घेतलंस!"

"आयला! सॉरी, सॉरी. परत."

परत तेच. तिसऱ्यांदाही तेच! गाणं त्या ओळीपाशी आलं की दादा भानावर राहायचा नाही. मग त्याने 'कुणी म्हणे' असं करून बघितलं. बुवांनी पेटी बंदच केली.

"हे बेवारशी गाणं मी वाजवणार नाही. ज्याला रचणारा नाही त्याला पेटी कशाला? डबा बडवा!"

"बुवा, पोलीस पकडतील."

"पकडू दे. कोकणात अंता किती आहेत माहीत आहे? आमच्या वाडीतच सहा! पोलिसांनी सगळे धरले तर गावात शेतं कोण लावणार?"

लॉरेन्स इतका हसला की खुर्चीवरून पडला. दादा म्हणाला, "खरं आहे, राहू दे." राहिलं.

*

कॅसेट निघाली त्याच सुमारास मुलुंडच्या एका हॉलमध्ये दादाचा कार्यक्रम ठेवला; गाणी वेगळी, कॅसेटचं नावही काढायचं नाही. स्टेजवर गायचं तर गाणी लिहून सरकारी ऑफिसात आधी दाखवायला लागतात. दादा आणि मी घेऊन गेलो. तिथल्या साहेबांनी वाचली आणि लाल पेनाने शब्द उडवले. 'कोठडी' उडवलं, 'वर्दी' उडवलं, ते समजलं. पण 'भाकरी'सुद्धा उडवलं!

मी तापलो. "साहेब, भाकरीत काय वाईट आहे?"

साहेब चांगला माणूस होता, हळू आवाजात म्हणाला, "बाळा, भाकरी म्हटलं की लोक पुढे बोलायला लागतात."

घरी येताना दादा लाल पेनाचे कागद परत परत वाचत होता. मला वाटलं, कार्यक्रम गेला. पण त्याने काय केलं? गाणी तीच गायली, फक्त उडवलेला शब्द आला की तोंड मिटायचा. तेवढ्या जागेत नुसती ढोलकी. "माझ्या घामाची..." आणि तोंड बंद. ढोलकीची थाप. दुसऱ्यांदा "माझ्या घामाची..." आणि अख्खा हॉल ओरडला, "भाकरी!"

पहिल्या रांगेत साध्या कपड्यातला एक हवालदार बसला होता. सरकारी तपकिरी बूट घालून आला होता, म्हणून सगळ्यांनी लगेच ओळखला. दादा काय म्हणतो ते लिहून घ्यायला त्याला पाठवलं होतं. पण दादा ते शब्द म्हणतच नव्हता, म्हणून त्याचं पेन हवेतच! गाणं चढत गेलं, पेन खाली गेलं, पाय ठेका धरायला लागला आणि शेवटच्या वेळी सगळ्यात मोठ्याने "भाकरी!" कोण ओरडलं असेल? आणि ओरडून मागे वळून बघायला लागला, कोण ओरडलं म्हणून!

*

मग बंदी आली. कॅसेट विकायची नाही, वाजवायची नाही, घरात ठेवायची नाही.

पोलीस डोंगरावर आले. कव्हर कोरं, त्यामुळे कुठली ती कॅसेट हे त्यांना कळेना. मग सगळ्याच नेल्या! आरत्या नेल्या, सिनेमाची गाणी नेली, बाजूच्या सुमनमावशीच्या पोरीच्या लग्नाची कॅसेट नेली. मावशी रोज सकाळी चौकीवर. "माझी लग्नाची द्या."

हवालदाराचे डोळे लाल. "बाई, थांबा हो. सगळ्या ऐकायचा हुकूम आहे. अजून आरत्याच चालू आहेत. टाळ्या वाजवून वाजवून हात सुजले."

महिनाभराने मावशीला कॅसेट परत मिळाली. हवालदार म्हणाला, "तुमच्या व्याह्यांनी मानपानावरून भांडण केलं ते काही बरं केलं नाही."

*

आरत्या संपल्यावर त्यांना आमची सापडली. शेवटपर्यंत ऐकली. अंता म्हणे.

डोंगरावर अंता एकच होता.

सकाळी नळावर हंडा भरत असताना दादाला नेला. हंडा मी घरी आणला. त्याच दिवशी त्यांनी लॉरेन्सचा स्टुडिओ उलटापालटा करून मूळ टेप नेली. पण लॉरेन्सने सांगितलं, कुणीतरी भाड्याने गाळा घेतला होता, मला तोंडं आठवत नाहीत. दादानेही कुणाचं नाव घेतलं नाही.

आता हा किस्सा दादाने स्वतः सांगितलेला. सुटून आला त्या संध्याकाळी, भिंतीला टेकून बसला होता. आम्ही काही विचारायच्या आधीच मला म्हणाला, "बाबल, मजा ऐक. मला म्हणाले, गाऊन दाखव, आवाज जुळवून बघायचा आहे. मी काय केलं? बेसूर गायलो! आयुष्यात पहिल्यांदा. काय कठीण असतं रे! सूर आपोआप लागायचा, मी परत घसरायचो. तो मोठा साहेब कानावर हात ठेवून म्हणाला, बंद करा ह्याला, हा काय गायक आहे? हा तर भंगार विकत घेणारा वाटतो!"

आम्ही हसलो. आये नाही हसली.

दादा म्हणाला, "पाठीत घातलं त्याचं काही नाही रे. पण भंगारवाला म्हणाला!" आणि हसता हसता कूस दाबून वाकला.

तो परत सरळ झाला नाही. लघवीतून रक्त जायला लागलं. मोठ्या हॉस्पिटलात नेला तोवर उशीर झाला होता. मरणाच्या कागदावर ताप लिहिलं आहे. मी डॉक्टरच्या अंगावर धावून गेलो तर बुवांनी मला मागून मिठी मारून धरलं. म्हातारा माणूस, पण सोडलं नाही.

*

दिवस झाले, लोक गेले आणि एका सकाळी आये म्हणाली, "त्याचा गाणा लाव रे."

तेव्हा ध्यानात आलं. घरात एकही कॅसेट नव्हती! दादाने सगळ्या विकायला दिल्या होत्या, स्वतःला एकसुद्धा ठेवली नव्हती. म्हणायचा, "माझा आवाज मला कशाला पाहिजे? मी आहे ना."

मी काम सोडून फिरलो. अंधेरीला, मुलुंडला, जिथे जिथे गेल्या होत्या तिथे. कुणी घाबरून चुलीत टाकली होती, कुणी खाडीत. पोलिसांनी धरलेल्या तर ठेचून टाकल्या होत्या. शेवटी बोरिवलीला एका माणसाचा पत्ता लागला. बँकेत कारकून, दादाच्या गाण्याचा भक्त. म्हणाला, "आहे! माझ्याकडे आहे! सगळ्यांनी टाकल्या, मी टाकली नाही!"

मी त्याच्या पाया पडलो. त्याने टेप लावला. खुर्च्या ओढून आम्ही बसलो.

कॅसेटमधून एक लहान पोरगी बोबडं बोलायला लागली. मग टाळ्या. मग हॅपी बर्थडे.

तो म्हणाला, "घरात कोरी कॅसेट नव्हती हो. आणि पोलीस आले तर गाणं सापडू नये, म्हणूनही... थांबा, शेवटी थोडं राहिलं असेल." दोन्ही बाजू संपेपर्यंत मी ऐकलं. काहीच राहिलं नव्हतं. मी टेपरेकॉर्डर उचलला आणि जमिनीवर आपटला.

आतल्या खोलीतून ती पोरगी पळत आली. मोडलेल्या टेपकडे बघितलं आणि मला म्हणाली, "काका, आवडलं नाही का माझं गाणं?"

*

आणि हा शेवटचा. हा मी कुणाला सांगितलेला नाही. बुवांनाही नाही.

दादा गेला तरी केस गेली नव्हती. पोलिसांनी मूळ टेपसकट सगळ्या कॅसेट ठेचल्या, पण पुराव्यासाठी एक ठेवली होती. आता त्यांना बुवा आणि लॉरेन्स पाहिजे होते. दादाबरोबर पेटी कोण वाजवतं आणि दादा रेकॉर्डिंगला कुठे जायचा, हे शंभर माणसांनी बघितलं होतं. फक्त कॅसेटमधला आवाज दादाचाच, एवढं घरच्या कुणीतरी सांगितलं की दोघं आत. आयेला आणि मला चौकीवर बोलावणं आलं.

वकीलबाई आदल्या दिवशी येऊन बसल्या. आयेजवळ सरकून म्हणाल्या, "आई, काय करायचं ते मी सांगणार नाही. फक्त काय होईल ते सांगते. हो म्हणालात तर बुवा आणि लॉरेन्स जातील. पण केस संपल्यावर ती कॅसेट तुमच्या मुलाची वस्तू म्हणून आपण मागू शकतो, मिळेल बहुतेक. नाही म्हणालात तर ती बेवारस. ती पण ठेचतील."

आये तांदूळ निवडत होती. निवडत राहिली.

दुसऱ्या दिवशी आये ठेवणीतलं लुगडं नेसली. मला बाईंनी ताकीद दिली होती, तू तोंड उघडायचं नाहीस. साहेब नवीन होते, तरुण. दादाला मारणारे ते नव्हेत, ते बदलून गेले होते. टेबलावर टेप होता. आयेला खुर्ची दिली. ती कडेला टेकली.

साहेबांनी शेवटचं गाणं, शेवटची ओळ लावली. "अंता म्हणे, दार उघड..."

मी टेबलाची कड धरली. इतक्या महिन्यांनी आवाज. जसा आत्ता आत येईल.

साहेबांनी बटण दाबून बंद केलं. "आजी, तुमच्या मुलाचं नाव अंता. हा आवाज त्याचा का?"

आये म्हणाली, "माका नीट आयकाक येवक नाय. परत लावा."

परत लावलं. आये कान पुढे करून बसली.

"अंता गावात खूप आसत, सायबानू. ह्यो खंयचो, तां एका ओळीत कसा कळतला? पयल्यापासून लावा."

साहेबांनी बाजू बदलली, टेप मागे नेली. पहिलं गाणं सुरू झालं. एक कडवं झालं आणि ते बंद करायला गेले.

"थांबवतास कित्याक?" आये म्हणाली. "माणसाचो आवाज खाली-वर जाता. पुरा आयकल्याशिवाय म्हातारेन कसा सांगायचा? उद्या चुकीचा सांगलंय तर?"

साहेबांनी हात मागे घेतला. गाणं संपलं. दुसरं झालं. प्रेसवालं गाणं आलं, धाडधाड थांबली, दादा एकटा गायला. चहा आला, आयेने घेतला नाही. बाहेरचे हवालदार दारात येऊन उभे राहिले. एक बाजू संपली, टेपमधून नुसती खरखर यायला लागली.

"दुसरी बाजू आसा मा? ती लाव, बाबा."

साहेबांनी दुसरी बाजू लावली. आये डोक्यावरचा पदर घट्ट धरून, मान खाली घालून ऐकत होती. तिचे ओठ हलत होते. तिला सगळी पाठ होती. कोठडीतल्या माणसाच्या आईचं गाणं आलं. अंता म्हणे. संपलं.

साहेबांनी कागद पुढे ओढला, पेन उघडलं. हळूच विचारलं, "आता सांगा, आजी. हा तुमच्या मुलाचा आवाज?"

आयेने त्यांच्याकडे सरळ बघितलं.

"नाय."

"नक्की?"

"नाय, ओ. माझ्या झिलाचो न्हय." मग टेपकडे बघून म्हणाली, "कोणाचो आसा, देवाक ठावक. पण गाता बरो. आणि एकदा लाव."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. दारातल्या हवालदारांना बाहेर जायला सांगितलं, कॅसेट काढली, उलटी केली आणि परत आत घातली.